बेकरीवाल्याचा खड्डा

हवा अशी गारठलेली होती की नाक जागेवर आहे का बघायला हात लावावा, तर हातालाच काही कळत नव्हतं. समुद्र कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं, ती शिवण धुक्यात दिसत नव्हती. नुसता लाटांचा आवाज तेवढा येत होता. त्या आवाजाकडे पाठ करून मावशी वाळूत उकिडवी बसली होती आणि दातात तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, धरून त्याला गळ बांधत होती. तंगूस केसाएवढा, गळ ब्लाउजच्या हुकाएवढा. दुसऱ्या कुणाला भर उन्हात भिंग घेऊनही जमलं नसतं. मावशीनं चार वेढे घातले, थुंकी लावली, गाठ ओढली, आणि उठताना स्वतःच्या गुडघ्यांना दोन शिव्या घातल्या.

चाळीस वर्षं सुईत दोरा ओवलेल्या बाईला गाठीचं काय कौतुक? मावशी शिंपीण होती. बाजारामागच्या गल्लीत तिचं दुकान होतं, म्हणजे एक खोली, दोन मशिनं, एक कापायचं टेबल आणि पडद्याआड ट्रायलचा आरसा. खांद्यांची, पोटांची, वाकलेल्या पाठींची सगळ्या गावाची गुपितं तिच्या वहीत. वय अठ्ठावन्न. पण थंडीचे तीन महिने सकाळी दुकान उघडायच्या आधी दोन तास ती कुणाची शिंपीण नसे, कुणाची बायको नसे. नवऱ्याचे जुने बूट, त्यात दोन जोड मोजे, अंगात तीन स्वेटर आणि हातात सात फुटी हलकी काठी. दोऱ्याला वजन म्हणून शिसं, वाटाण्याएवढं. आमिष म्हणून ओल्या वाळूत बोटं घालून काढलेले पेराएवढे मऊ खेकडे.

किनाऱ्यावरच्या बाकीच्या गड्यांची पद्धत वेगळी. जाड दोरा, मुठीएवढं शिसं, कंबरेपर्यंत पाण्यात शिरायचं आणि अंगातला सगळा जोर लावून लांबात लांब फेकायचं. मावशी गुडघाभर पाण्याच्या पुढे कधी जात नसे.

"मासा किनाऱ्याला येतो कशाला?" ती विचारायची. "खायला. खाणं कुठं? लाट वाळू उकरते तिथं. म्हणजे तुमच्या पायाशी. त्याच्या ताटात पाय देऊन उभे राहता आणि मैलभर लांब कुणाला तार करता?"

थंडीतल्या दांडग्या लाटा वाळूत खड्डे पाडतात, आणि भरतीला त्याच खड्ड्यांत मासे चरतात. त्यातले बरेचसे खड्डे आठवड्याला जागा बदलतात. म्हणून ओहोटीच्या संध्याकाळी, वाळू उघडी पडली की मावशी दुकानातला टेप गळ्यात घालून किनारा मोजायला निघे. रुंदी पावलांनी, खोली टेपनं. लिहायची कशावर? तर दुकानाच्या मापाच्याच वहीत. वेगळी वही करावी असं तिला कधी सुचलं नाही, आणि सगळं रामायण घडलं ते त्यामुळे.

त्या सकाळी तिनं दोन लाटांच्या मधल्या चुळकाभर पाण्यात आमिष सोडलं, तर्जनीवर दोरा धरला, आणि पाच मिनिटांत बोटाला टकटक झाली. लाट ओसरली तेव्हा तिनं दोरा सैल सोडला, लाट आली तेव्हा रीळ फिरवलं, आणि चार पावलं मागं सरकली. तळहाताहून मोठा, चंदेरी मासा लाटेनंच आणून तिच्या बुटांपुढे ठेवला.

"मावशी, दोऱ्याला बटणबिटण लावलंय का?" पन्नास पावलांवरून आवाज आला.

तो बेकरीवाला. गल्लीच्या तोंडाशी त्याची भट्टी. पहाटेचा पाव काढून झाला की तो इथे यायचा: घडीची खुर्ची, वाळूत रोवलेला पाइप, पाइपात चौदा फुटी काठी, काठीच्या टोकाला घंटी. पोरं त्याला तोफखाना म्हणत. एकदा तोफ डागली की हा खुर्चीत बसून कागदाच्या पिशवीतले गरम पाव खायला मोकळा.

"तुमची घंटी वाजली का शेठ?"

"वाजेल की. काठी तिचं काम करतेय, मी माझं."

"ते दिसतंय. तुमचं काम अंगी लागतंय."

तो गदगदा हसला. खुर्चीही हसली. "दुपारी ट्रायलला येतो बरं का. लेकीचं लग्न तीन आठवड्यांवर आलंय. कोट असा झाला पाहिजे की व्याह्यानं बघत राहावं!"

"येवा की. कच्चा टाका घालून तयार आहे," मावशी म्हणाली, आणि मासा पिशवीत टाकून खुशीत घराकडे निघाली. पुढे काय वाढून ठेवलंय याची तिला गंधवार्ता नव्हती.

घरी, म्हणजे दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत, काका इस्त्री तापवत बसलेले. काकांनी जन्मभर बस चालवली. निवृत्त झाल्यावर बायकोच्या दुकानात काजं, बटणं आणि इस्त्री ही खाती सांभाळली. माणूस शिस्तीचा. अजूनही पडदा ओलांडताना डावी-उजवीकडे बघायचे. गेल्या थंडीत एक प्रकरण झालं होतं. मावशीनं खेकड्यांचा डबा बटणांच्या डब्याशेजारी ठेवला. डबे सारखेच. शाळेच्या मोठ्या बाई कोटाची बटणं निवडायला आल्या आणि त्यांनी डब्यात हात घातला. बाईंची किंकाळी बाजाराच्या त्या टोकाला ऐकू गेली म्हणतात. त्या दिवशी काकांनी तिच्याकडून शब्द घेतला होता.

"समुद्रापायी या दुकानातलं एक जरी कापड बिघडलं, तरी ही काठी माळ्यावर. कायमची. मंजूर?"

"मंजूर," मावशी म्हणाली होती. दिलेला शब्द आणि दिलेली तारीख तिनं कधी मोडली नव्हती.

दुपारी बेकरीवाला आला. जाड जॅकेट काढलं, हात मागं केले, आणि मावशीनं कोट चढवला. खांदे झक्क बसले. बाह्या बरोबर. मग मावशीनं पुढची दोन्ही टोकं एकत्र आणायला धरली आणि तिचे हात हवेतच राहिले. दोन टोकांच्या मधून बेकरीवाल्याचं पोट गच्चीतून मिरवणूक बघावी तसं बाहेर बघत होतं. चांगलं अर्धी वीत अंतर.

बेकरीवाल्यानं श्वास ओढला. फरक पडला तो चेहऱ्याच्या रंगात.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "पंधरा दिवसांत एवढा वाढलो मी?"

मावशीनं टोकं पुन्हा ओढून बघितली. तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

"घरात बोलू नका हं कुणाला," बेकरीवाला काकुळतीला आला. "ही आधीच म्हणत असते. बघा काहीतरी, तुमच्या हातात जादू आहे." आणि जॅकेट घालून, पडद्याशी पाय अडखळून तो गेला.

काकांनी इस्त्री उभी केली. वही उघडली. वहीतून चिमूटभर वाळू टेबलावर पडली.

"हे वाच," ते म्हणाले.

एकाच पानावर दोन नोंदी होत्या. मावशीला झटकन सगळं आठवलं. ओहोटीची संध्याकाळ, झोंबणारा वारा, त्या दिवशी संध्याकाळीही आलेला बेकरीवाला खुर्ची गुंडाळत होता आणि म्हणाला होता, टेप आहेच गळ्यात तर इथंच घ्या की माप, दुकानात यायला सवड कुठाय? तिनं उभ्याउभ्या माप घेतलं होतं. आणि लगेच त्याच्या खुर्चीपुढचा नवा खड्डा मोजला होता. एका नोंदीवर लिहिलेलं: बेकरीवाला, पोट साडेशेहेचाळीस. खालच्या नोंदीवर: बेकरीवाल्याचा खड्डा, रुंदी बेचाळीस. कापायच्या दिवशी सकाळी तिला सात मासे मिळाले होते. डोक्यात समुद्रच होता. नजर खालच्या ओळीवर पडली आणि कात्री चालली. मनात शंका आली नव्हती असं नाही. पण तिनं स्वतःची समजूत घातली होती की माणूस जाड नसेल, ते जॅकेट जाड आहे.

"म्हणजे तू," काका म्हणाले, "एका खड्ड्याला कोट शिवलास."

मावशी स्टुलावर बसली.

"दुसरं कापड?"

"ताग्यातला शेवटचा तुकडा होता तो. त्यानं स्वतः आणलेला. तसं कापड आता मिळायचं नाही."

"मग माळा साफ करून ठेवतो."

"थांबा की जरा!" मावशी उसळली. "कापड बिघडलं कधी म्हणायचं? गिऱ्हाइकाला कपडा झाला नाही तर. लग्नाला तीन आठवडे आहेत. माझ्या शिवणीत माया आहे." माया म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेलं जादा कापड, मावशी ती कुणाहीपेक्षा दाबून ठेवायची. "सगळी सोडली तर दोन इंच सुटतात."

"आणि उरलेले अडीच?"

"ते शेठच्या अंगातून काढीन."

काकांनी वही मिटली. मग म्हणाले, "शेवटची ट्रायल लग्नाच्या आदल्या दिवशी. बटण लागलं तर काठी तुझी. नाही लागलं तर माळा. आणि बटण मी लावणार, खूण तू करायची. लबाडी नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी थेट खुर्चीपाशी गेली. "शेठ, आधी एक सांगते. चूक माझी आहे. खड्ड्याचं माप तुमच्या कोटाला लागलं."

बेकरीवाला ओशाळं हसला. "मावशी, तुमचं मन मोठं. पण मला बरं वाटावं म्हणून इतकं खोटं बोलू नका. आरसा होता ना समोर."

"अहो, खरंच—"

"राहू द्या. चूक या पोटाचीच."

मावशीनं कपाळाला हात लावला. मग ती म्हणाली, "बरं, मग तोफ गुंडाळा. आजपासून माझ्या काठीनं मासे पकडायचे."

"तुमच्या या काडीनं?"

"महिना झाला, घंटी एकदा वाजली. तीही कुत्र्यानं धक्का दिला म्हणून. मी तुम्हाला माझे सगळे खड्डे दाखवते."

बेकरीवाल्यानं खाता पाव खाली ठेवला. मावशीचे खड्डे म्हणजे काय, हे किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सख्ख्या भाचीला तिनं ते दाखवले नव्हते. पण काठीच राहिली नाही तर खड्डे काय चाटायचेत?

हलक्या काठीची खुबी अशी की ती रोवता येत नाही. एक हात काठीवर, दुसऱ्या हाताचं बोट सतत दोऱ्यावर. पाव खायला तिसरा हात देवानं दिलेला नाही. शिवाय एका जागी बसता येत नाही. या खड्ड्यात दहा फेऱ्या, मासा नाही, चला पुढच्या खड्ड्यात. पुढचा खड्डा तीनशे पावलांवर, भुसभुशीत वाळूतून. मावशी मुद्दाम त्याला एका टोकाच्या खड्ड्यातून दुसऱ्या टोकाच्या खड्ड्याकडे न्यायची.

"मधले दोन सोडले आपण," तो धापा टाकत म्हणायचा.

"त्यात आज मासा नाही."

"तुम्हाला कसं कळलं?"

"वास येतो. चला, पाय उचला."

शिकवायला माणूस महाकठीण. बोटाला टिचकी लागली रे लागली की तो पोत्याला हिसडा द्यावा तसा काठीला हिसडा द्यायचा. तंगूस तुटायचा. पहिल्या आठवड्यात त्यानं एकतीस गळ समुद्राला वाहिले.

"ओढता काय, ओढता काय!" मावशी ओरडायची. "कणीक आहे का ती? लाट मागं जाते तेव्हा सोडायचं. येते तेव्हा घ्यायचं. मासा तुम्ही नाही आणायचा, लाट आणते. तुम्ही नुसतं मागं चालायचं."

"मागं?"

"मागं. लग्नात व्याह्यापुढे चालाल तसं."

दर रविवारी ती तिथंच टेप काढायची. पहिल्या रविवारी शेहेचाळीस. दुसऱ्या रविवारी सव्वापंचेचाळीस. बेकरीवाला चेहरा पाडून म्हणायचा, मावशी, वीस फेऱ्या घातल्या, एक मासा नाही; आणि मावशी खुशीत म्हणायची, झकास चाललंय. त्याला कळेना की ही बाई हसते कशाला. मधे एकदा त्यानं खिशातून पाव काढला, तर मावशीनं तो हातातून घेतला, मोडला आणि समुद्रपक्ष्यांना टाकला.

"अहो, माझ्याच भट्टीचा होता तो!"

"म्हणूनच. एवढा हलका पाव, आणि तुम्ही बघा."

घरी काका दर रविवारी संध्याकाळी एकच प्रश्न विचारायचे, "किती?" आणि मावशी आकडा सांगायची. काका हुं म्हणायचे. माळ्याची शिडी त्यांनी पहिल्याच दिवशी भिंतीला लावून ठेवली होती. तिथून जाताना मावशी तिच्याकडे बघत नसे. मायेतले दोन इंच तिनं कधीच सोडले होते. शिवणी उसवून, पुन्हा दाबून, आता आत दोऱ्याच्या रुंदीचंही कापड उरलं नव्हतं. पंचावन्न मिनिटं इस्त्री फिरवून काकांनी जुन्या शिवणीचा माग पुसला होता. त्या कामात त्यांनी कसर केली नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशीची सकाळ पुन्हा धुक्याची होती. बेकरीवाला खड्ड्याच्या काठाशी गुडघाभर पाण्यात उभा राहिला, त्याच त्याच्या खड्ड्याशी. खुर्ची आता तिथे नव्हती. त्याची काठी वाकली. मावशीला वाटलं, आता हिसडा देणार! पण नाही. लाट गेली, त्यानं सोडलं. लाट आली, त्यानं घेतलं. ओठ चावत, एक एक पाऊल मागं, मागं, आणि एका फेसाळ लाटेनं हातभर लांबीचा मासा वाळूवर आणून टाकला. तसा मासा मावशीनंसुद्धा त्या वर्षी पाहिला नव्हता.

बेकरीवाला मटकन ओल्या वाळूत बसला. "मावशी," तो म्हणाला, "त्यानं मला बोट धरून ओढल्यासारखं वाटलं हो. तोफेनं हे कधीच कळलं नसतं."

"उभे राहा आधी," मावशी म्हणाली आणि टेप काढला. एकदा घेतलं माप. पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा टेप जरा आवळून बघितला, मग स्वतःचीच लाज वाटून सोडला.

साडेचव्वेचाळीस. लागायला हवं होतं चव्वेचाळीस. अर्धा इंच राहिला होता.

घरी येऊन तिनं काठी गोड्या पाण्यानं धुतली. रिळाला मशिनचं तेल दिलं. जुन्या चादरीत काठी गुंडाळून नाडी बांधली, तीही साध्या सरकगाठीनं, आणि गुंडाळी शिडीला टेकवून ठेवली. काका कोटाला बटण लावायला पाठमोरे बसले होते. त्यांनी विचारलं, "किती?"

"अर्धा राहिला."

काकांनी दोरा दातानं तोडला. हुं केलं.

दुपारी बेकरीवाला आला तो माशाची लांबी हातांनी दाखवतच. मावशीनं कोट चढवला. खांदे, बाह्या, कॉलर. मग दोन्ही टोकं धरली. तिला पुढचं बघवेना, म्हणून तिनं आरशात बघितलं. बटण काजापाशी आलं. काजात शिरलं. बसलं.

"आता श्वास सोडा," काका बाजूनं म्हणाले, सिग्नल पाळायला लावावा तशा आवाजात.

बेकरीवाल्यानं श्वास सोडला. कापड ताणलं, क्षणभर विचारात पडलं, आणि राहिलं. बटण जागेवर.

"वा!" बेकरीवाला आरशात एका अंगानं, मग दुसऱ्या अंगानं वळला. "व्याही बघतच राहणार! मावशी, तुमच्या हाताला तोड नाही. आणि ऐका, लग्न झालं की परवा सकाळी मी येणार. ती तोफ विकून टाकतो. माझा खड्डा मात्र माझा हं!"

"तुमचाच," मावशी म्हणाली. "तुमच्याच मापाचा आहे."

तो गेल्यावर मावशीनं पडदा ओढला. ट्रायलच्या वेळी वाकून बघताना तिला एक गोष्ट दिसली होती. बटणाच्या बाजूला कापडावर पांढऱ्या खडूची बारीक रेघ होती. तिनंच केलेली खूण. बटण त्या खुणेवर नव्हतं. बटण खुणेच्या बाहेर, काठाच्या दिशेनं, बरोबर अर्धा इंच सरकलेलं होतं. बसचा माणूस, पण अर्धा इंच त्यांनी शिंप्याच्या अचूकपणे सरकवला होता.

"अहो," ती म्हणाली.

"काय?"

"बटण चांगलं लावलंत."

काकांनी इस्त्रीवर पाण्याचा हबका मारला. सुस्स आवाज झाला. "रोज सकाळी दोन तास तू बाहेर असलीस की मला बटणं निवांत लावता येतात," ते इस्त्रीकडे बघत म्हणाले. "घरात असलीस की मागं उभी राहून टाके मोजतेस." आणि इस्त्री फिरवत, "त्या खड्ड्यांची वही वेगळी कर. आजच."

त्यांनी शिडी उचलली आणि मागच्या खोलीत नेऊन ठेवली. मावशीनं चादरीची नाडी सोडली, काठी दाराआड उभी केली, बूट खिडकीत वाळत टाकले. मग टेबलावरून शाळेचा एक निळा स्कर्ट ओढला. पोरगी वर्षात बोटभर वाढली होती, खालची दुमड उसवून सोडायची होती. तिनं वही उघडली, माप दोनदा वाचलं, वरचं नाव तिसऱ्यांदा वाचलं, आणि मशिनला पाय लावला.